प्रोटीनचं सोडा, बी-१२ चं बोला

लातूरला नीटच्या क्लासला घातलेलं लेकरू दिवाळीला गावी येतं आणि म्हणतं, मी वेगन झालोय, तुपातले लाडू नको, चहा बिनदुधाचा द्या. मोबाईलवर त्यानं गोठ्यांचे, कत्तलखान्यांचे व्हिडिओ बघितलेले असतात, सोळाव्या-सतराव्या वर्षी मन पेटतं ते पेटतंच. मग घरात जे सुरू होतं ते मराठवाड्यात कुठल्याही गावात जा, सारखंच. आजी म्हणती, माय माय, लेकरू वाळून चाललं की. बाप म्हणतो, आपण माळकरी, मटणाला कधी शिवलो नाही, ते ठीक, पण दुधानं तुझं काय घोडं मारलंय? अन् शेजारचे सर येऊन विचारतात, प्रोटीन कुठून घेणार?

हा प्रोटीनचा प्रश्न ऐकून ऐकून मला कंटाळा आलाय, म्हणून त्याचं लवकर उरकतो. ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो ॲसिड कमी असतं, तुरीत ते भरपूर असतं, भाकरी-वरण खाणाऱ्या आपल्या आज्यांनी हे गणित पुस्तक न वाचता सोडवलेलं आहे. वर शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, उसळी. आणि ज्या मुलखात निम्मं शिवार सोयाबीननं भरलेलं असतं, तिथं प्रोटीनची चिंता करायची म्हणजे कमालच, वाळल्या सोयाबीनमधे शंभर ग्रॅमला ३५ ग्रॅमच्या पुढं प्रोटीन असतं, आपण त्याचं तेल काढतो अन् पेंड कोंबड्यांना घालतो. कॅल्शियमला मात्र थोडं लक्ष द्यावं लागतं, वाढत्या वयात दिवसाला हजार मिलीग्रॅमच्या आसपास लागतं, भाकरीवर नुसते चार तीळ टाकून भागत नाही, तीळ, राजगिरा, नाचणी, पालेभाज्या हे सगळं रोजच्या खाण्यात पाहिजे, आणि सोया दूध घेतलं तर कॅल्शियम घातलेलं. लोहासाठी जेवणात लिंबू पिळा अन् जेवणाबरोबरचा चहा बंद करा, बिनदुधाचा असला तरी. झालं.

आता खरा प्रश्न, जो घरातलं कुणीच विचारत नाही. बी-१२ चं काय?

हे व्हिटॅमिन कुठलंही झाड बनवत नाही. कुठलाही प्राणीसुद्धा बनवत नाही, गायही नाही, म्हैसही नाही, बोकडही नाही. ते बनवतात फक्त बॅक्टेरिया आणि त्यांचे चुलतभाऊ आर्किया. त्याच्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट धातूचा एक अणू बसलेला असतो. गाय चारा खाते, चाऱ्यातून कोबाल्ट जातं, तिच्या पोटातले जंतू त्यापासून बी-१२ बनवतात, ते दुधात उतरतं, ते आपण पितो. म्हणजे दूध पिणाराही शेवटी जंतूंचाच माल घेतो. गंमत म्हणजे आपल्याही मोठ्या आतड्यात बी-१२ बनवणारे जंतू आहेत, पण ते शोषून घ्यायची जागा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे त्यांच्या आधी येते. माल तयार होतो तो दुकान मागं पडल्यावर, त्याचा काही उपयोग नाही.

आणि हे शोषून घ्यायचं प्रकरण एवढं भारी आहे की मला त्याच्यावर लिहायला बहाणाच पाहिजे होता. लागतं किती, तर दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाख भागांतले दोन-अडीच भाग. एवढ्याशा मालासाठी शरीरानं केवढी यंत्रणा लावलीय बघा. अन्नातलं बी-१२ प्रोटीनला चिकटलेलं असतं, जठरातलं ॲसिड आणि पेप्सिन ते सुटं करतात. सुटं झालं की लाळेतून आलेलं हॅप्टोकॉरिन नावाचं प्रोटीन त्याला धरतं, कारण त्या ॲसिडात उघडं राहिलं तर ते खराब व्हायचं. पुढं लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाचे एन्झाइम हॅप्टोकॉरिनचे तुकडे करतात, बी-१२ परत सुटं, आता त्याला धरतो इंट्रिन्सिक फॅक्टर, जो जठराच्या भिंतीतल्या पेशींनीच सोडलेला असतो. ही जोडी काही मीटर आतडं पार करून शेवटच्या टोकाला पोचते, तिथं क्युबिलिन आणि ॲम्नियनलेस अशा दोन प्रोटीनचा मिळून झालेला रिसेप्टर फक्त या जोडीलाच ओळखतो, नुसत्या बी-१२ ला नाही. मग पेशीत, मग रक्तात, तिथं अजून एक वाहक, ट्रान्सकोबालामिन. यात कुठंही खोट आली की माल पोचत नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाणारे, डायबिटीसला मेटफॉर्मिन घेणारे, यांचं बी-१२ म्हणूनच खाली येतं, ते रोज दूध पिणारे असले तरी.

पण मुद्द्याची गोष्ट पुढं आहे. हा रिसेप्टर एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमलाच भरून जातो, मग काही तास तो घेत नाही. त्याच्यावर जे काही असेल त्यातलं साधारण एक टक्का नुसतंच, कुठल्याही वाहकाशिवाय, आत झिरपतं. हा एक टक्का लक्षात ठेवा, गोळीच्या हिशोबाला लागणार आहे.

आता साठ्याकडं येऊ. यकृतात मिळून शरीरात दोन ते पाच मिलीग्रॅम बी-१२ साठलेलं असतं, म्हणजे दोन हजार ते पाच हजार मायक्रोग्रॅम, आणि रोजचा खर्च काय तर दोन-अडीच. शिवाय पित्तातून आतड्यात गेलेलं बरंचसं परत शोषलं जातं. ज्वारीनं भरलेलं पेव असावं आणि रोज त्यातून मूठभर काढावी, तसं आहे हे. वरून कुणाला कळतसुद्धा नाही की खाली तळ दिसायलाय. म्हणून वेगन झालेलं लेकरू पहिल्या वर्षी एकदम टुणटुणीत असतं, अन् म्हणतं, बघा, काही झालं का मला? घरचे गप्प. दुसऱ्या वर्षीही काही नाही. वेगन राहून टिकणं म्हणजे पनीर बघून तोंडाला पाणी न सुटणं असं लोकांना वाटतं, ती पहिली दोन-तीन महिन्यांची गोष्ट आहे. शरीराची परीक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षी असते, जेव्हा सगळ्यांनी विचारायचं सोडून दिलेलं असतं.

आणि आपल्याकडं पेव मुळात भरलेलं असतं का, हीच शंका आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ साली पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलेलं छापलं, त्यात ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. हे काही वेगन नव्हते. शंभर मिली गाईच्या दुधात अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ असतं, आता आपल्या घरांत माणशी दूध जातं किती तर कपभर चहात दोन चमचे. त्यामुळं दूध सोडलं म्हणून लेकराला ओरडणाऱ्या काकांचीही टेस्ट एकदा करायला हरकत नाही.

कमी पडल्यावर होतं काय? इथं जरा अवघड आहे, पण सोडू नका. बी-१२ दोनच एन्झाइमना लागतं. एक पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात काही फॅटी ॲसिडचा निकाल लावतं, दुसरं म्हणजे मेथिओनिन सिंथेज. फोलेट हे बी-१२ चंच एक भावंड व्हिटॅमिन, गोळीत त्यालाच फॉलिक ॲसिड म्हणतात. हे दुसरं एन्झाइम मिथाइल-फोलेटवरचा मिथाइल गट काढून होमोसिस्टिन नावाच्या अमिनो ॲसिडला देतं, त्यातून मेथिओनिन होतं आणि फोलेट मोकळं होतं, त्या मोकळ्या फोलेटशिवाय डीएनएची एक वीट असलेलं थायमिन बनत नाही. बी-१२ नसलं तर फोलेट मिथाइल रूपात अडकून पडतं, परत फिरायला दुसरा रस्ता नाही, याला फोलेट ट्रॅप म्हणतात. डीएनए बनत नाही, पेशी वाढतात पण दोन होत नाहीत, रक्तात मोठमोठ्या कच्च्या पेशी दिसतात. गंमत अशी की बाहेरून फॉलिक ॲसिडची गोळी दिली तर ते या ट्रॅपच्या बाहेरून आत शिरतं, रक्त सुधारू शकतं, रिपोर्ट बरा येतो, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. शाळेत पोरापोरींना आठवड्याला जी निळी गोळी देतात तिच्यात लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. ती बंद करू नका, हवीच ती, पण तिच्यात बी-१२ असतं असं समजू नका.

फोलेटची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली, हे फार कुणाला माहीत नसतं. ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईला आली, गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया तिनं अभ्यासला, आणि यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे १९३१ मधे छापलं. त्या अर्कातला घटक म्हणजेच पुढं कळलेलं फोलेट.

नसांचं नुकसान म्हणजे सुरुवातीला तळपायाला, बोटांना मुंग्या, मग चालताना तोल जाणं, विसराळूपणा, चिडचिड. आपल्याकडं याला बाहेरचं झालंय म्हणून लिंबू उतरवणारे अजून आहेत, अमावास्येला धागा बांधून आणतात, तेवढ्यात सहा महिने जातात, आणि नसांच्या बाबतीत सहा महिने लई मोठे आहेत. दुसऱ्या टोकाला इंटरनेटवरचे शहाणे आहेत, स्पिरुलिना नावाची शेवाळाची पावडर खा म्हणणारे. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतेक बी-१२ सारखं दिसणारं पण आपल्या शरीराला न चालणारं भाऊबंद आहे. भाजी न धुता खा, मातीतून बी-१२ मिळतं, हेही ऐकलंय मी, त्यातून मिळतील ते जंत. आणि रेशनच्या तांदळात ते वेगळे दाणे यायला लागले तेव्हा लोकांनी प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणून वेचून फेकले ना, त्या दाण्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ च घातलेलं होतं. अर्थात एका किलो तांदळाला एक मायक्रोग्रॅमच्या आसपास, त्याच्यावर वेगननं विसंबू नये.

म्हणजे गोळी. बिचकायचं कारण नाही, ती जंतूंकडूनच टाकीत बनवून घेतात, गाय मधे येतच नाही. वेगन सोसायटी इंग्लंडमधे १९४४ ला निघाली, बी-१२ वेगळं काढलं गेलं १९४८ ला, त्यामुळं सुरुवातीच्या काही मंडळींना जीभ सोलणं, मुंग्या येणं भोगावं लागलं. आज तीच सोसायटी सांगते, रोज १० मायक्रोग्रॅम घ्या, नाहीतर आठवड्यातून एकदा २००० घ्या. हे आकडे विचित्र वाटतात, पण तो एक टक्का आठवा. २००० चा एक टक्का २०, भागिले सात, रोजचे जवळपास तीन. बरोबर बसलं का नाही? गोळीत मिळणाऱ्या बी-१२ च्या रूपांपैकी मिथाइलकोबालामिनच भारी अन् सायनोकोबालामिनमधे सायनाइड असतं म्हणून घाबरवणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका, हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीत ते वीस मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, शरीर ते सहज निकालात काढतं. गावात डॉक्टर जे लाल रंगाचं ताकदीचं इंजेक्शन देतात त्यातही बऱ्याचदा बी-१२ च असतं, लाल रंग कोबाल्टवाल्या रेणूचाच, पण मुंग्या यायला लागल्याशिवाय सहसा सुईची गरज नसते. कॅप्सूल घेणार असाल तर मात्र बघून घ्या, तिचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, अन् जिलेटिन म्हणजे जनावराचं हाड-कातडं, आणि व्हिटॅमिन डी३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीच्या तेलापासून येतं.

वाढत्या वयात वेगन चालतं का यावर तज्ज्ञांतही एकमत नव्हतं, २०१६ साली अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संस्थेनं नीट आखलेला असेल तर चालतो म्हटलं, आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या संस्थेनं मुलांना अन् किशोरांना नको म्हटलं. पण बी-१२ ची गोळी लागतेच, यावर दोघांचा वाद नव्हता. सुरू करायच्या आधी एकदा रक्ततपासणी करा, गोळी चालू झाल्यावर केली तर रक्तातला आकडा पटकन चढलेला दिसतो आणि यकृतात किती होतं ते कळत नाही. आकडा काठावर आला तर होमोसिस्टिनही बघायला सांगा, ते वाढलेलं असलं म्हणजे बहुधा एन्झाइम उपाशी आहे.