गाइड आणि विद्यार्थी: प्रयोगशाळेतल्या नात्याची पार्श्वभूमी

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमडीला प्रवेश मिळाला की विद्यार्थ्याला गाइड (संशोधनाचा मार्गदर्शक) मिळतो, सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे जातो आणि प्रबंधाचं काम सुरू होतं. सांगलीत किंवा कराडला जैववैद्यकात पीएचडी करणाऱ्यांचंही फार वेगळं नसतं. विषय, सह्या, शोधनिबंधावरचं पहिलं नाव, पुढचं शिफारसपत्र, सगळं त्या एका माणसाच्या हाती. इतकं सगळं एकाच्या हाती आलं कसं?

जर्मनीत गीसन इथे १८२४ साली रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस लीबिग वयाच्या २१ व्या वर्षी प्राध्यापक झाला. त्याच्या प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःचा प्रश्न असे, आणि रोज सकाळी लीबिग एकेकाकडून आदल्या दिवशी काय केलं ते ऐकून घेई. संशोधनातून संशोधक घडवायची ही रीत पुढे जगभर गेली. प्रयोगशाळा मोठ्या होत गेल्या, तसं प्रमुखाचं स्थान टिकलं आणि सकाळचं ते ऐकून घेणं बहुतेक ठिकाणी मागे पडलं.

भारतात वैद्यकीय संशोधन आलं ते सरकारी खातं म्हणून. १८९९ साली परळला प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा उभी राहिली, १९११ साली आजच्या आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पूर्वसंस्था स्थापन झाली. वर साहेब, खाली मदतनीस, ही त्या काळच्या खात्यांची रचना प्रयोगशाळेतही उतरली. १९३३ साली कमला भागवत (पुढे सोहोनी) बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा बाई म्हणून संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना नाकारलं. त्या हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या अटींवर प्रवेश मिळाला. काम पसंत पडलं तरच ते धरलं जाणार होतं. वर्षानंतर रामन यांचं मत बदललं आणि पुढच्या मुलींना दार उघडलं. श्रीनिवासय्या यांच्यासारखे शिक्षक त्यांना तिथे लाभले आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडीही मिळाली. पण संचालकांचं मत बदललं नसतं तर? दाद मागायला जागाच नव्हती.

गाइडच्या दराऱ्याचं समर्थन करताना गुरुशिष्य परंपरेचा दाखला दिला जातो. मला तो पटत नाही. आपल्या साताऱ्यात १९२४ पासून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. पोरांच्या पोटाला कमी पडलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. भाऊरावअण्णांचा शब्द तिथे चालायचा तो या जबाबदारीमुळे. प्रयोगशाळेने अधिकार तेवढा उचलला.

दराऱ्याची किंमत विज्ञानालाही मोजावी लागते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझं सेल कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) कंटॅमिनेट, म्हणजे दूषित झालं, आणि सर काय म्हणतील या धास्तीने मी ते तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. त्या तीन आठवड्यांत शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं कल्चरही गेलं, तेही त्याच इन्क्युबेटरमधून (पेशी उबेत वाढवायच्या पेटीतून). तिला मी वेळेत सांगायला हवं होतं. हे फक्त आपल्याकडचं नाही: ब्रिटनच्या वेलकम या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेने २०२० च्या अहवालासाठी ४,००० हून अधिक संशोधकांना विचारलं, तेव्हा ४३ टक्क्यांनी आपल्याला दमदाटी किंवा छळ सोसावा लागल्याचं सांगितलं.

नियम उशिरा आले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कायदा, वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम. पीएचडीच्या २०२२ च्या नियमांत प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, म्हणजे निदान सहा महिन्यांतून एकदा विद्यार्थ्याचं काम गाइडखेरीज दुसऱ्या कुणाच्या कानावर जातं. ही मला या नियमांतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. गाइड होण्याची पात्रता मात्र पीएचडी आणि शोधनिबंधांवर ठरते: प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकाला किमान ५, सहायकाला ३. विद्यार्थ्याला कसं शिकवावं, चूक कबूल करणाऱ्याशी कसं बोलावं, याच्या प्रशिक्षणाची अट त्या पात्रतेत नाही.