बेसेमरचा ब्राइट स्टार : पोलादाच्या गावात मासे कसे पोचले

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं बेसेमर आपल्याकडच्या बातम्यांत आलं ते 2021 साली, अमेझॉनच्या गोदामातल्या कामगारांनी युनियन हवी की नको यावर मतदान केलं तेव्हा. याच गावाच्या जुन्या बाजारपेठेत ब्राइट स्टार हे हॉटेल 1907 पासून चालू आहे. समुद्र रस्त्याने चारशेएक किलोमीटर लांब, तरी लोक इथे येतात ते माशांसाठी. मालक पहिल्यापासून ग्रीक.

गाव वसलं 1887 मध्ये. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी हाकेच्या अंतरावर असल्यामुळे कारखानदार हेन्री डीबार्डेलेबेन याने ते वसवलं आणि पोलादाची पद्धत शोधणाऱ्या इंग्रजाचं नाव त्याला दिलं. 1907 मध्ये या भागातली मोठी पोलाद कंपनी यू. एस. स्टीलने विकत घेतली. त्याच वर्षी टॉम बोंडुरिस या ग्रीक माणसाने इथे छोटंसं कॅफे काढलं. पाळी सुटलेल्या कामगाराला गरम जेवण हवं होतं, एवढा साधा हिशेब.

पण ग्रीक माणूस इथवर आला कसा? दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीज भागातली शेती मनुकांवर उभी होती. किडीने बसलेले फ्रान्समधले द्राक्षमळे 1890 च्या सुमारास सावरले, तशी तिथे वाइनसाठी जाणाऱ्या मनुकांची मागणी कोसळली; 1893 मध्ये ग्रीस सरकारचंच दिवाळं निघालं. पुढच्या पाव शतकात चार लाखांच्या आसपास ग्रीक अमेरिकेत गेले, बहुतेक तरुण पुरुष. आधी फळांची गाडी, मग मिठाईचं दुकान, मग कॅफे. एकाने गल्ला सांभाळायचा आणि गावाकडून भावाला, भाच्याला बोलावून घ्यायचं. यझ्दकडच्या इराण्यांनी मुंबईत हेच केलं. बेसेमरला ग्रीसमधल्या पेलेटा गावचे बिल आणि पीट कोइकोस हे भाऊ असेच आले आणि 1920 च्या दशकात धंद्यात शिरले.

तो काळ सोपा नव्हता. कू क्लक्स क्लान ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना तेव्हा जोरात होती आणि तिच्या लेखी ग्रीक हे पुरेसे गोरे नव्हते. या त्रासाला तोंड द्यायला 1922 मध्ये अटलांटात अहेपा ही ग्रीकांची संघटना निघाली. 1924 च्या स्थलांतर कायद्याने तर ग्रीसचा वर्षाचा कोटा शंभर माणसांवर आणला. दारावर ‘ब्राइट स्टार’ असं अस्सल अमेरिकी नाव का, याचं उत्तर मला यातच दिसतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. 1964 च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत दक्षिणेतल्या अशा हॉटेलांच्या भटारखान्यात काळे स्वयंपाकी राबत, पण बाहेरच्या टेबलावर त्यांना जागा नसे. त्यात ग्रीकांची हॉटेलंही आली.

माशांचं गणित रेल्वेने आणि बर्फाने सोडवलं. मेक्सिकोच्या आखातावरचं पेन्साकोला बंदर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेड स्नॅपरचं मोठं केंद्र झालं होतं. हा आपल्या तांबोशीचाच भाऊबंद. बर्फात भरलेला माल आगगाडीने आतल्या शहरांत जायचा. किनाऱ्यावरच्या देशातून आलेल्या ग्रीकांना ताजा मासा ओळखता यायचा, त्यामुळे हा धंदा त्यांच्या हाती न जाता तरच नवल.

मेन्यूवर भेंडी घातलेला गंबो नावाचा दाट रस्सा आहे, तळलेले मासे आहेत, स्टेक आहे, म्हणजे सगळं दक्षिणेचं खाणं. ग्रीसचा हात दिसतो तो ‘ग्रीक स्टाइल स्नॅपर’मध्ये: भाजलेल्या तुकडीवर ऑलिव्ह तेल, लिंबाचा रस आणि ओरेगॅनो. बस्स. स्नॅपरच्या गळ्याकडचा काटेरी, मऊ भागही इथे वेगळी डिश म्हणून मिळतो. डोकं-मानेसाठी भांडणाऱ्या कोकणी माणसाला त्याचं महत्त्व समजावून सांगायला नको.

1915 च्या सुमाराला हॉटेल आजच्या जागेत आलं. भिंतींवरची निसर्गचित्रं त्याच काळातली, एका फिरत्या युरोपीय चित्रकाराने काढलेली. पुढे खाणी बंद पडल्या, 1980 च्या दशकात पुलमनचा रेल्वे-डब्यांचा कारखाना गेला आणि बाजारपेठ ओस पडत गेली. हॉटेल मात्र तगलं. कोर्टातले वकील येत राहिले. अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉलचे शौकीन तर विद्यापीठाच्या गावाच्या, टस्कलूसाच्या वाटेवर इथे थांबतातच. त्यांचा लाडका प्रशिक्षक बेअर ब्रायंट इथला नेहमीचा गिऱ्हाईक होता. 2010 मध्ये हॉटेल आणि खाद्यक्षेत्रातले नावाजलेले पुरस्कार देणाऱ्या जेम्स बेअर्ड प्रतिष्ठानचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान मिळाला. तो पाहायला बिल यांचे चिरंजीव जिमी कोइकोस होते. टेबलाटेबलाशी जाऊन चौकशी करणारे जिमी 2019 मध्ये गेले, आणि धंदा नात्यागोत्यातल्याच माणसांकडे राहिला.