वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार: अर्ज कोण करतो, कागद कोणते लागतात

धान निघालं की पूर्व विदर्भात, वडसा-ब्रह्मपुरीकडे नाटकांचा मोसम लागतो आणि शिलाई मशीन मध्यरात्रीपर्यंत थांबत नाही. या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, अंगरखे अन् नऊवाऱ्या शिवणाऱ्याला सिनेमाचं एखादं काम मिळालं की पहिला प्रश्न येतो, "भाऊ, बक्षिसाचा फॉर्म कुठं भेटते?"

तो फॉर्म तुम्ही भरायचाच नसतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारासाठी प्रवेशिका निर्माता पाठवतो. एकदा चित्रपट गेला की वेशभूषेचाही विचार त्यातच होतो. म्हणून तुमचा खरा अर्ज म्हणजे निर्मात्याशी सुरुवातीलाच केलेला लेखी करार.

वेशभूषेचा हा पुरस्कार १९८४ च्या चित्रपटांपासून सुरू झाला. मानकरी वेशभूषाकाराला रजत कमळ हे पदक आणि आता २ लाख रुपये मिळतात. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्करनंतर तो दोनदा मिळाला, ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी. ‘बालगंधर्व’ या मराठी चित्रपटासाठी नीता लुल्ला यांना मिळाला.

पात्रतेत तारीख पाहतात ती सेन्सॉर प्रमाणपत्राची. ज्या वर्षाचा पुरस्कार, त्या वर्षीच्या १ जानेवारी ते ३१ डिसेंबरमध्ये प्रमाणपत्र हवं. शूटिंग कधी झालं याचा संबंध नाही. डब केलेला चित्रपट चालत नाही. टीव्ही मालिका इथे बसतच नाहीत. त्यांचे सोहळे वाहिन्यांचे वेगळे. निकालाची घाई मात्र करू नका: २०२३ च्या चित्रपटांचे पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ ला जाहीर झाले.

निर्मात्याकडून जाणारे कागद साधारण असे: भरलेली प्रवेशिका, सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, कथासार, कलाकार-तंत्रज्ञांची यादी, छायाचित्रं, निर्माता-दिग्दर्शकाचा परिचय आणि इंग्रजी सबटायटल असलेली चित्रपटाची प्रत. नियमावली दरवर्षी नव्याने निघते, तेव्हा मागच्या वर्षीच्या झेरॉक्सवर विसंबू नका.

या सगळ्यात आपल्या माणसाचं घोडं अडतं ते तंत्रज्ञांच्या यादीत. मी स्वतः एका चित्रपटाचे दीडशेच्या वर कपडे शिवले, जुनी लुगडी गावोगाव फिरून गोळा केली, आणि पडद्यावर नाव आलं ‘विशेष आभार’मध्ये! वेशभूषाकार म्हणून दुसऱ्याचंच नाव होतं. कागद नव्हता, मग भांडणार कशाच्या जोरावर? आता मी माप घेण्याआधी दोन ओळी लिहून घेतो: श्रेयनामावलीत माझं पद ‘वेशभूषा’ असेल, आणि नावाचं स्पेलिंग आधार अन् बँक पासबुकाप्रमाणे असेल. सहाय्यक म्हणून काम असेल तर तसंच लिहा, खोटं पद मागू नका.

अंतिम प्रिंटआधी श्रेयनामावलीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. प्रवेशिकेच्या यादीतलं नाव त्याच्याशी ताडून पाहा. अन् कपड्यांचे स्केच, कापडाचे तुकडे, प्रत्येक पात्राचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. हे प्रवेशिकेला लागत नाहीत, पण काम कुणाचं यावर वाद झालाच तर तीच फाइल टेबलावर ठेवता येते.

राज्य शासनाच्या मराठी चित्रपट पुरस्कारांतही वेशभूषेचा विभाग आहे. त्याची जाहिरात वेगळी निघते, मुदतही वेगळी. निर्मात्याला दोन्हींची आठवण एकाच फोनमध्ये करून द्या.