पायोग्लिटाझोन: सहा आठवड्यांची 'बंदी'

पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी भारतात बंद झाली आहे, असे सांगणारे अजूनही भेटतात. ती बंद नाही. २०१३ साली १८ जून ते ३१ जुलै एवढाच काळ तिचे उत्पादन आणि विक्री थांबली होती. त्या सहा आठवड्यांत 'बंदी' हा जो शब्द लोकांच्या तोंडी बसला, तो नंतरच्या आदेशाने पुसला गेला नाही.

रक्तातली साखर कमी करणाऱ्या गोळ्यांची सुरुवात योगायोगाने झाली. १९४२ मध्ये फ्रान्समध्ये विषमज्वराच्या रुग्णांना सल्फा गटातले एक औषध दिले आणि त्यांची साखर फार खाली गेली. त्यातून सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या आल्या. आजची ग्लिमेपिराइड त्याच घराण्यातली. मेटफॉर्मिन १९५७ पासून फ्रान्समध्ये वापरात आली. तिच्याच जातीची फेनफॉर्मिन रक्तात लॅक्टिक आम्ल साचवते म्हणून अमेरिकेने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस काढून टाकली. भारतात ती २००३ मध्ये बंद झाली. ही पंचवीस वर्षांची दिरंगाई ध्यानात असेल, तर २०१३ची घाई कुठून आली ते कळते.

इन्सुलिन आहे पण पेशी त्याला दाद देत नाहीत, अशा रुग्णांसाठी ग्लिटाझोन गट आला. त्यातली ट्रोग्लिटाझोन यकृताच्या इजेमुळे २००० मध्ये अमेरिकेतून गेली. रोझिग्लिटाझोनवर हृदयविकाराचा संशय आला आणि २०१०मध्ये ती भारतातही बंद झाली. उरली 'पायो', म्हणजे पायोग्लिटाझोन. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून २०११ मध्ये फ्रान्सने ती थांबवली. जर्मनीने नव्या रुग्णांना सुरू करू नका असे सांगितले. अमेरिकेने इशारा छापून चालू ठेवली. २०१२ मध्ये आपल्याकडे एका संसदीय समितीने परदेशात काढलेली औषधे इथे का विकली जातात, असे खडसावून विचारले. वर्षभरात आदेश निघाला.

आदेशातला शब्द होता निलंबन. बातम्यांत झाली बंदी. कागदावर दोन्हींत अंतर आहे: निलंबन मागे घेता येते, बंदी म्हणजे कायमचे दार लागले असे लोक समजतात. पण दोन्हींना आधार औषध कायद्याच्या २६अ कलमाचा, ज्यात सरकारला औषध थांबवण्याचा अधिकार आहे, त्यामुळे औषध दुकानात दोन्हींचा अर्थ एकच, माल परत पाठवा. रुग्णाला यातले काही कुणी समजावले नाही. कितीतरी जणांना आपल्या गोळीत पायो आहे हेही ठाऊक नव्हते, कारण ती मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडसोबत एकाच गोळीत होती. गोळीच्या ब्रँड-नावाच्या शेपटातला 'पी' कधी पायोचा, कधी ग्लिमेपिराइडचा.

मधुमेहतज्ज्ञ उघडपणे विरोधात गेले. इथे डोस बहुधा १५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, परदेशात ३० ते ४५, गोळी स्वस्त, आणि इन्सुलिनला दाद न देणे हा आपल्याकडे फार आढळणारा दोष. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही पोकळ नव्हते: कमी डोस वर्षानुवर्षे घेतल्यावर काय होते, याची भारतीय आकडेवारी कुठे होती? माझ्या मते गोळी परत आणली ते योग्यच. पण रुग्णांना पर्याय न सांगता ती एका दिवसात थांबवली, ते समर्थनीय नाही.

परतीच्या अटी सोयीस्करपणे विसरल्या जातात. वेष्टनावर चौकटीतला इशारा आला: मधुमेहाचे पहिले औषध म्हणून देऊ नये, मूत्राशयाचा कर्करोग असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तीला देऊ नये, लघवीतून रक्त जात असेल तर आधी तपासावे. पायावर सूज आणि हृदय कमजोर होण्याचा धोका आधीपासून माहीत होताच. २०१५ मध्ये दहा वर्षांच्या एका मोठ्या अभ्यासात कर्करोगाचा ठोस वाढीव धोका दिसला नाही, तरी अमेरिकेने २०१६ मध्ये इशारा कायम ठेवला.

त्याच वर्षी भारतात ३४४ मिश्र औषधांवर (एकाच गोळीत दोन-तीन औषधे) बंदी आली, ती न्यायालयात अडकली आणि २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा लागली. त्यांत मधुमेहाच्या काही एकत्रित गोळ्याही होत्या. पायोवरच पुन्हा बंदी आली, असा समज तेव्हा नव्याने पसरला.

दरम्यान मधुमेहाच्या नव्या गोळ्यांची पेटंट संपत गेली: २०१९च्या अखेरीस विल्डाग्लिप्टिन, २०२०मध्ये डापाग्लिफ्लोझिन, २०२२मध्ये सिटाग्लिप्टिन. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपले आणि साधारण ६० रुपयांची गोळी काही कंपन्यांनी सहा रुपयांच्या आत आणली. २०१३ मध्ये पायोच्या बाजूने मांडलेला स्वस्ताईचा मुद्दा आता तेवढा वजनदार राहिलेला नाही. इन्सुलिनला दाद न देण्याचा मुद्दा मात्र तसाच आहे.