उंदरांचे जीनोटायपिंग : शेपटीचा नमुना पाठवण्याआधी वाचावे

जीन बदललेल्या उंदरांची पिल्ले सहसा एकसारखीच दिसतात. त्यांतले जीनच्या दोन्ही प्रती बंद असलेले (नॉकआउट) कोणते, एकाच प्रतीत बदल असलेले (हेटेरोझायगस) कोणते आणि बदल नसलेले साधे कोणते, हे डीएनए तपासूनच कळते; यालाच जीनोटायपिंग म्हणतात. सांगलीच्या आमच्या प्रयोगशाळेत हे काम पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून, होते. मशीन क्वचितच चुकते. घोटाळा बहुधा कात्रीपाशी झालेला असतो.

पिल्लू २१ दिवसांचे होण्याआधी शेपटीचे २ मिमी टोक घ्यावे. कानाचा तेवढाच तुकडाही चालतो. थोडे जास्त दिलेले बरे, असे वाटते खरे, पण जादा ऊती आणि रक्त पीसीआर अडवतात आणि जेल (ज्या थरात डीएनएचे तुकडे पट्ट्यांसारखे, म्हणजे बँड म्हणून, दिसतात) कोरी येते. तुकडा कोरडाच ट्यूबमध्ये टाकावा. स्पिरिटने पीसीआर अडते, शिवाय मार्करची अक्षरेही पुसतात. नंबर ट्यूबच्या अंगावर लिहावा, कारण झाकणांची अदलाबदल होते.

दोन पिल्लांच्या मध्ये कात्री नुसती ७० टक्के अल्कोहोलने पुसून भागत नाही. जंतू मरतात, डीएनए तसाच राहतो. १० टक्के ब्लीचमध्ये बुडवून मग पाण्याने धुवावी. नाहीतर आधीच्या नॉकआउटचा बँड पुढच्या साध्या पिल्लात उमटतो आणि ते हेटेरोझायगस ठरते. अख्खी वीण हेटेरोझायगस आली तर पहिला संशय कात्रीवर (पालकांपैकी एक साधा, दुसरा नॉकआउट असेल तर गोष्ट वेगळी).

खात्रीच्या साध्या, हेटेरोझायगस आणि नॉकआउट उंदराचा एकेक नमुना सोबत द्यावा. हेटेरोझायगसचा तर हवाच. पीसीआरमध्ये लहान तुकडा लवकर वाढतो, मोठा मागे पडतो, आणि दोन बँडांऐवजी एकच दिसण्याचा धोका असतो. डीएनएऐवजी नुसते पाणी घातलेली तुलनेची ट्यूब आम्ही लावतो.

दोन्ही पालक हेटेरोझायगस असतील तर चारांत एक नॉकआउट अपेक्षित. ८ पिल्लांत एकही न मिळण्याची शक्यता १० टक्के असते, तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. १६ पिल्लांतही शून्य आले तर ती शक्यता १ टक्क्यावर येते. मग नॉकआउट पिल्ले गर्भातच मरत असावीत.

क्रिस्परने (जीन कापून बदलण्याच्या तंत्राने) बदललेला पहिला उंदीर मोझाइक असू शकतो, म्हणजे त्याच्या काही पेशींत बदल असतो, काहींत नसतो. शेपटीत बदल दिसला म्हणून तो पिल्लांत उतरेलच असे नाही. साध्या उंदराशी जोडी लावून पुढच्या पिढीचे नमुने पाठवा.

नमुने उणे २० अंशांवर गोठवून, बर्फाच्या पिशव्यांत, सोमवार ते बुधवारच पाठवा. शनिवार-रविवार गोदामात अडकलेले पार्सल एप्रिल-मेच्या उन्हात टिकत नाही. सोबतच्या फॉर्मवर आपल्या संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीचा मंजुरी क्रमांक लिहावा. त्याशिवाय नमुने घेतले जात नाहीत.