गळ्यातली माळ आणि वारीचा नेम : थोडी पार्श्वभूमी

आषाढी जवळ आली की पालखीचे फोटो आणि ड्रोनचे व्हिडिओ सगळीकडे फिरायला लागतात, पण हे सगळं ज्या शब्दावर उभं आहे त्याबद्दल कोणी फारसं लिहित नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तो शब्द म्हणजे माळ घालताना दिलेला शब्द. तुळशीच्या मण्यांची माळ ज्ञानेश्वरीवर नाहीतर माउलींच्या समाधीला लावून घेतात आणि फडावरचे, म्हणजे वारकऱ्यांच्या एखाद्या परंपरागत गटाचे, महाराज किंवा एखादे जाणते माळकरी ती गळ्यात घालतात. त्यावेळी कबूल करायचं ते एवढंच, की मांसमच्छी आणि दारू बंद, परस्त्री आईसमान, खोटं बोलायचं नाही, एकादशी धरायची, रोज हरिपाठ म्हणायचा आणि वर्षातनं एकदा तरी पंढरीला जायचं. कागद नाही, सही नाही, दंड नाही. तरी हा शब्द जन्मभर पाळणारे लोक गावोगाव आहेत.

शपथ आपल्याकडे नवी नाही. मराठेशाहीत बेलभंडारा उचलून शपथा व्हायच्या, पण त्या दोन माणसांमधल्या, समोरच्याला खात्री पटावी म्हणून घेतलेल्या. माळेचा शब्द थेट विठोबाला दिलेला असतो आणि त्याला ठरावीक मुदत नसते.

मला कायम विचारात पाडते ती गोष्ट म्हणजे या वारकरी संप्रदायाच्या अगदी सुरुवातीला एका मोडलेल्या व्रताची कथा आहे. परंपरा सांगते ती अशी, ज्ञानोबांचे वडील विठ्ठलपंत संसार सोडून काशीला गेले, संन्यास घेतला, नंतर गुरूंना कळलं की मागे बायको आहे, तेव्हा त्यांनीच परत पाठवलं आणि विठ्ठलपंत पुन्हा संसाराला लागले. संन्यासी परत गृहस्थ झाला हे काही समाजाने सोडलं नाही. घर वाळीत पडलं, आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार लेकरं संन्याशाची पोरं म्हणून हिणवून घेत मोठी झाली. त्याच घरातल्या पोराच्या नावाने पुढे जो पंथ वाढला त्यातलं व्रत मात्र संसारात राहून पाळायचं आहे, बायकापोरं सोडायची नाहीत, शेत सोडायचं नाही, पेरणी उरकली की निघायचं आणि द्वादशीनंतर घरी. हे आपोआप घडलं असेल असं मला वाटत नाही.

वारी ज्ञानोबांच्या आधीपासनं होतीच. नेम घराण्यात कसा उतरतो ते देहूला दिसतं. तुकोबांचे पूर्वज विश्वंभरबाबा पंढरीची वारी करायचे आणि पिढ्यान् पिढ्या ती चालत आली, म्हणून तुकोबा म्हणतात की पंढरीची वारी माझ्या घरी आहे, दुसरं तीर्थव्रत मी करत नाही. घरी आहे म्हणजे घराण्यात आहे, वडिलांनी दिलेला शब्द आता माझ्या अंगावर आहे. १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ, त्यात बायको गेली, धंदा बसला, तरी विठोबा सुटला नाही. तुकोबा गेल्यावर जन्मलेले त्यांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये पालखीत तुकोबा आणि माउली दोघांच्या पादुका ठेवून वारी सुरू केली. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा वेगळा काढला. ते मूळ साताऱ्याकडचे, शिंद्यांच्या पदरी सरदार, सगळं सोडून आळंदीत येऊन राहिलेले. दिंड्यांची आजची शिस्त त्यांची, आणि माझ्या मते एकट्याला जड जाणारा नेम टिकला तो या दिंडीमुळे, कारण यंदा तू दिसला नाहीस असं विचारणारी माणसं बरोबर असतात.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. ज्यांनी शतकानुशतकं हा नेम पाळला त्यातल्या अस्पृश्य ठरवलेल्या वारकऱ्यांना देवळात पाऊल ठेवता येत नव्हतं, त्यांनी चोखोबांच्या समाधीपासून हात जोडायचे आणि परत फिरायचं. त्यांनी आपला शब्द राखला आणि दार दुसऱ्यांनी बंद ठेवलं. त्यासाठी साने गुरुजींना १ मे १९४७ पासून दहा दिवस पंढरपुरात उपोषण करावं लागलं तेव्हा कुठे दार उघडलं. माळेचा इतिहास सांगताना हे गाळलं तर तो अर्धाच राहतो.

आणि मग २०२० आलं. पायी वारी रद्द, पादुका एसटीने मोजक्या लोकांबरोबर पंढरीला गेल्या. माझे वडील माळकरी, त्यांना घरी बसवेना, मग त्यांनी पालखीचा नेहमीचा कार्यक्रम समोर ठेवला आणि आज सासवड, आज जेजुरी, आज वाल्हे असं म्हणत रोज पहाटे अंगणात फेऱ्या मारायला लागले, तोंडाने हरिपाठ. लोणंद झालं, फलटण झालं, वाखरी झालं. १ जुलैला एकादशी, दिवसभर निर्जळी, आणि दुसऱ्या दिवशी आईने पुरणाचा स्वयंपाक केला तेव्हा बारस सोडली.