दाण्यादाण्याचा हिशेब: मातीच्या संगणकीय सिम्युलेशनची पार्श्वभूमी

समुद्रकिनारी ओल्या वाळूवर पाय टेकवला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते. दाबल्यावर पाणी वर यायला हवे, पण ते उलट आत जाते. १८८५ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचा उलगडा केला. घट्ट बसलेल्या दाण्यांना सरकायचे तर एकमेकांवर चढावे लागते, मधल्या पोकळ्या मोठ्या होतात आणि पाणी त्यांत उतरते. वाळू कशी वागेल हे दाण्यांच्या मांडणीवर ठरते, हे तेव्हाच समजले होते. तरी एकेका दाण्याला गणितात जागा मिळायला जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

त्याआधीची परंपरा वेगळी होती. कुलोंब यांनी १७७३ मध्ये भिंतीमागच्या मातीचा दाब काढताना मातीची अख्खी पाचर एकसंध धरली. तेर्झागी यांनी १९२५ मध्ये मृदायांत्रिकीचा, म्हणजे भाराखाली माती कशी वागते याच्या शास्त्राचा, पाया घातला. पुढे सलग पदार्थाचे छोट्या भागांत विभाजन करून गणित करणारी फायनाइट एलिमेंट पद्धत आली. माती मात्र सलग माध्यमच राहिली. यात चूक काहीच नव्हती. पाया आणि भराव यांची बहुतेक गणिते आजही अशीच होतात आणि इमारती उभ्या राहतात.

अडचण येते ती पदार्थ तुटतो, सुटतो, वाहू लागतो तेव्हा. २ डिसेंबर १९५९ ला फ्रान्समधले मालपासे धरण फुटले, चारशेहून अधिक माणसे गेली. डाव्या काठाखालचा खडक त्याच्यातल्याच भेगांच्या पातळ्यांवरून सरकला होता. खडक म्हणजे सांध्यांनी तुकडे पडलेली रास, हे अभियंत्यांना फार मोठी किंमत देऊन उमगले.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात पीटर कंडॉल यांनी नेमके हे तुकडेच संगणकात आणले. १९७१ मध्ये फ्रान्समधल्या नान्सी येथील परिसंवादात त्यांनी खडकाच्या ठोकळ्यांचे प्रारूप मांडले. १९७९ मध्ये ओटो स्ट्रॅक यांच्यासोबत त्यांनी तीच कल्पना गोल चकत्यांना लावली, आणि एकेका दाण्याचा स्वतंत्र हिशेब ठेवणारी डिस्क्रीट एलिमेंट पद्धत मातीच्या अभ्यासात आली.

मला या पद्धतीचा साधेपणा फार मोलाचा वाटतो. दोन दाणे टेकले की ते एकमेकांत किंचित घुसू द्यायचे. जितके घुसले तितका परस्परविरोधी रेटा, आणि आडव्या दिशेला घर्षणाची मर्यादा. एका दाण्यावरचे सगळे रेटे जमवायचे, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्याला हलवायचे, मग पुन्हा पहिल्यापासून. खरी युक्ती वेळेच्या पावलात आहे. पाऊल इतके छोटे घ्यायचे, की तेवढ्या वेळात धक्का शेजारच्या दाण्यापलीकडे पोहोचूच नये. म्हणजे सगळ्या राशीची समीकरणे एकदम सोडवावी लागत नाहीत. मिलिमीटरभर वाळूच्या दाण्यासाठी हे पाऊल सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही लहान असते.

हे खरे कशावरून? डच संशोधकांनी १९६९ मध्ये, दाब आला की ध्रुवित प्रकाशात उजळणाऱ्या पारदर्शक चकत्यांवर प्रयोग केले होते. त्यांत भार सगळीकडे सारखा पसरत नाही, तर काही निवडक चकत्यांच्या साखळ्यांमधून उतरतो, असे दिसले होते. कंडॉल आणि स्ट्रॅक यांच्या गणितातही तशाच साखळ्या उमटल्या.

पुढे चकत्यांचे गोळे झाले. २००४ मध्ये पोत्यॉन्डी आणि कंडॉल यांनी गोळे एकमेकांना चिकटवून अखंड खडक आणि त्यात पडणारी चीरही दाखवली. पण गोळा फार सहज गरगरतो, खरा टोकदार दाणा अडतो. म्हणून गरगरण्याला कृत्रिम विरोध द्यावा लागतो, आणि तो किती हे प्रयोगशाळेतल्या चाचणीशी जुळवून ठरते. असे जुळवलेले आकडे मोजलेल्या गुणधर्मांसारखे वापरू नयेत, असे माझे ठाम मत आहे. अलीकडे एक्स-रे स्कॅनवरून दाण्यांचे खरे आकारच गणितात घेतले जातात, ते म्हणूनच महत्त्वाचे आहे.

संख्येची अडचण मात्र कायम आहे. मिलिमीटरभर व्यासाचे दहा लाख दाणे ओळीने रचले तरी फक्त १० सेंटिमीटर बाजूचा घन भरतो. त्यामुळे मोठ्या उताराचा अभ्यास करताना दाणे मुद्दाम मोठे घेतात, किंवा घसरण्याचा संभव असलेला पट्टा तेवढा दाण्यांनी भरतात आणि बाकीची माती पूर्वीसारखीच सलग धरतात.